ईसी शेडचा कंट्रोलर खोटं तापमान दाखवतोय? नवी पेटी मागवण्याआधी एवढं तपासा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीन-साडेतीनला माझा फोन वाजला की पलीकडून बहुतेक वेळा एकच रडगाणं असतं. "दादा, बोर्डावर चौतीस दाखवतंय, पंखे थांबेनात आणि पिल्लं गठ्ठा करून बसल्यात." पिल्लं गठ्ठा करतात ती थंडीनं. म्हणजे पिल्लं खरं बोलतायत आणि बोर्ड खोटं.

मी सांगली-सातारा पट्ट्यात ब्रॉयलरच्या ईसी शेडला, म्हणजे हवा-तापमान यंत्रानं सांभाळायच्या बंद शेडला, कंट्रोलर बसवतो, वायरिंग करतो आणि नंतर तीच वायरिंग दुरुस्तही करतो, कधी दुसऱ्याची, कधी माझीच. 'कंट्रोलर गेला' म्हणून जितक्या पेट्या माझ्या टेबलावर आल्या, त्यांतल्या फार थोड्या खरोखर गेलेल्या होत्या. बाकीच्या वेळी दोष पेटीपासून सेन्सरपर्यंतच्या वायरीत, जॉइंटमध्ये, नाहीतर न्यूट्रलमध्ये सापडला. कंट्रोलरला शेडमधलं काही दिसत नाही. त्याच्या टर्मिनलवर जे येतं तेच तो खरं मानतो.

खालचं सगळं नेहमीच्या मांडणीला धरून आहे: टनेल पद्धतीचं शेड (हवा एका टोकानं आत, दुसऱ्यानं बाहेर), एका टोकाला पाण्यानं ओला ठेवायचा गारव्याचा पॅड, दुसऱ्या टोकाला दीड एचपीचे थ्री फेज एक्झॉस्ट पंखे, प्रत्येक पंख्याला कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा, मोटर चालू-बंद करणारा स्विच) आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), कंट्रोलरला २३० व्होल्ट, आणि दोन वायरींचे १० किलोओमचे एनटीसी (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारे) सेन्सर. तुमचे सेन्सर तीन वायरींचे, डिजिटल असतील तर मीटरनं रेझिस्टन्स मोजायचा भाग सोडून द्या. बाकीचं लागू आहे.

लक्षणं

आधी आपला आजार कोणता ते ओळखा. प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

- आकडा स्थिर आहे पण खऱ्यापेक्षा दोन ते पाच अंश जास्त. पहाटे किंवा शेड धुतल्यावर जास्तच चुकतो, दुपारी जरा सुधारतो.
- आकडा खऱ्यापेक्षा कमी, किंवा मधेच उणे, रेघा, 'सेन्सर ओपन'. वायर हलवली की बरा होतो.
- एरवी ठीक, पण पंखा चालू किंवा बंद झाला की आकडा उडी मारतो आणि परत येतो.
- स्क्रीन विझते, कंट्रोलर पहिल्यापासून सुरू होतो, कधी घड्याळ आणि बॅचचा दिवसही विसरतो.
- आकडा बरोबर, कंट्रोलरवर पंख्याचा दिवाही लागलेला, पण पंखा फिरत नाही.
- आकडा बरोबर, पंखे सगळे फिरतायत, तरी शेड थंड होत नाही.

कशालाही हात लावण्याआधी शेडमध्ये जाऊन पक्षी बघा. पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर पॅनेलवरचे सिलेक्टर ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवा आणि पंखे हातानं चालू करा. गठ्ठा केला असेल तर जास्तीचे पंखे हातानं बंद करा, पण सगळे बंद करू नका, एखादा थोड्या थोड्या वेळानं चालवत राहा. वीजच नसेल आणि जनरेटरही लागत नसेल तर पडदे खाली, दारं उघडी. बंद ईसी शेडमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी पंखे थांबले तर मरतूक सुरू व्हायला अर्धा तासही लागत नाही. दोष नंतर शोधता येतो.

एक पैसाही न लागणाऱ्या तपासण्या

साधा काचेचा थर्मामीटर सेन्सरला खेटून सुतळीनं बांधा आणि दहा मिनिटं थांबा. हातात धरून बघू नका, हाताची ऊब आणि श्वास दोन्ही लागतात. दोन्ही आकडे एक अंशाच्या आत जुळले तर सेन्सर खरं सांगतोय आणि तुमचा प्रश्न हवेचा आहे. ही तपासणी पहिली एवढ्यासाठी, की ती चुकवून लोक भलत्याच रस्त्याला लागतात. मी स्वतः एकदा दोन तास पॅनेल उसकटत बसलो होतो आणि सेन्सर अगदी बरोबर होता. तो गॅस ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीच्या, बरोबर वर लोंबत होता इतकंच.

म्हणजे जागा बघा. सेन्सर पक्ष्यांच्या उंचीला हवा. भिंतीला टेकलेला नको, ब्रूडरच्या खाली-वर नको, पॅडच्या तोंडाशी नको, पडद्याच्या फटीतून ऊन पडतं तिथं नको. बॅच निघाल्यावर शेड धुताना पोरं सेन्सर वर दोरीला गुंडाळून ठेवतात आणि नवी पिल्लं आली तरी तो तिथंच राहतो. गरम हवा वर जाते, तेव्हा पत्र्याखाली चौतीस आणि खाली अंथरलेल्या तुसावर एकोणतीस अशी गत होते. दरवर्षी असे दोन-चार फोन येतातच. त्याचे पैसे मी घेत नाही, चहा घेतो.

मग सेटिंग. तीन गोष्टी बघा. पहिली, बॅचचा दिवस. एक दिवसाच्या पिल्लाला ३२-३३ अंश लागतात आणि पुढं दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरत जायचं असतं. कंट्रोलर अजून मागच्या बॅचच्या ३८व्या दिवसावर असेल तर त्याच्या मते शेड २१-२२ अंशांवर हवं, म्हणून तो पंखे लावतच राहणार. त्याची काही चूक नाही. दुसरी, ऑफसेट. प्रत्येक सेन्सरला आकडा वर-खाली करायची सोय असते आणि कुणीतरी सुपरवायझर मागं कधीतरी आकडा जुळवायला तिथं उणे तीन टाकून गेलेला असतो. ती शून्यावर आणा, निदान तपासणी होईपर्यंत. तिसरी, मिनिमम व्हेंटिलेशनचा टायमर. दर पाच मिनिटांत एक मिनिट पंखा लागत असेल, थंडी असली तरी, तर तो बिघाड नव्हे. अमोनिया आणि ओल बाहेर काढायला तो मुद्दाम ठेवलेला असतो. तो बंद करून झोपणाऱ्यांच्या पिल्लांचे डोळे आठवड्यात सुजतात.

पंखा सारखा लाग-बंद होत असेल तर डिफरन्शियल, म्हणजे पंखा लागायच्या आणि बंद व्हायच्या तापमानातला फरक, बघा. ते ०.२ वर ठेवलं असेल तर कॉन्टॅक्टर दिवसभर टकटक करणार. निदान ०.५ ते १ अंश ठेवा.

सेन्सरांची अदलाबदल

यानंही काही सुटलं नाही तर पंखे मॅन्युअलवर टाका, कंट्रोलरचा एमसीबी पाडा आणि टेस्टरनं खात्री करा. आता झाकण उघडून आधी मोबाइलवर वायरिंगचा फोटो काढा. चुकणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी आणि बरोबर चालणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी यांची टर्मिनलवर अदलाबदल करा. एनटीसीला उलटसुलट नसतं, त्यामुळे कुठली वायर कुठं याची भीती नको.

चूक वायरीबरोबर दुसऱ्या खान्यात गेली तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा. चूक त्याच खान्यात राहिली तर कंट्रोलरचा इनपुट गेलाय, आणि तिथं मात्र तुम्ही दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पाच मिनिटांचं काम आहे. पण 'पेटी बदलायची का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळतं.

दोन रुपयांचा रेझिस्टर

माझ्या पाकिटात गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपमध्ये खोचलेले चार-पाच रेझिस्टर कायम असतात. १० किलोओमचे, एक टक्कावाले. पट्टे बघून घ्या: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. सोनेरी पट्ट्याचे पाच टक्केवाले घेऊ नका, त्यात एक अंशाचा फरक आरामात पडतो.

सेन्सरच्या दोन्ही वायरी टर्मिनलमधून काढा आणि त्यांच्या जागी हा रेझिस्टर आवळा. १० किलोओमचा एनटीसी २५ अंशांना १० किलोओम असतो, म्हणून स्क्रीनवर २५ यायला हवेत. आले, तर त्या इनपुटची तब्येत ठणठणीत आहे.

मग तो तसाच ठेवून पंधरा मिनिटं पंखे मॅन्युअलवर चालू-बंद करा. ही तपासणी लोक करत नाहीत आणि खरी किल्ली इथंच आहे. २५ जागचे हलले नाहीत तर पंख्याचा त्रास सेन्सरच्या वायरीतून आत शिरत होता. रेझिस्टर लावूनही आकडा उडतोय तर त्रास सप्लायमधून किंवा पॅनेलच्या आतून येतोय, आणि मग शंभर फूट वायर बदलून उपयोग नाही. हे न बघता वायर बदललेली शेडं मी पाहिलीत. दोन दिवसांची मजुरी गेली आणि उडी तशीच.

मीटर: आकडा कुठल्या बाजूला चुकतोय?

काढलेल्या त्या दोन वायरींना मल्टीमीटर लावा, २० किलोओमच्या रेंजवर. वायर टर्मिनलमध्ये असताना मोजू नका, कंट्रोलरचं आतलं सर्किटही मोजलं जातं. साधारण हे आकडे यायला हवेत: २० अंशांना १२.५ किलोओम, २५ ला १०, ३० ला ८, ३५ ला ६.५. गरम झालं की रेझिस्टन्स उतरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता त्या पहाटेच्या फोनचं गणित बघा. शेडमध्ये एका जागी हवा २० अंश आहे, सेन्सर १२.५ किलोओम दाखवतोय. वाटेतला एक जॉइंट ओलसर झालाय आणि त्या ओलीतून दोन वायरींच्या मधे ५० किलोओमची गळती आहे. १२.५ आणि ५० समांतर जोडले की बरोबर १० होतात. कंट्रोलर म्हणणार, २५ अंश. पाच अंशांची चूक, आणि सेन्सर, पेटी दोन्ही चांगले. तीच गळती ३५ अंशांच्या दुपारी मोजली तर चूक तीनच अंशांची पडते, कारण गरमीत सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टन्स कमी असतो आणि गळतीचं तितकं चालत नाही. शिवाय दुपारी जॉइंट वाळतो. दुपारी येऊन वायरमन बघतो तेव्हा सगळं ठीक आणि पहाटे पुन्हा बोंब, त्याचं कारण हे.

उलट बाजूला, जॉइंट सैल झाला किंवा आतलं तांबं गंजून जवळजवळ तुटलं तर रेझिस्टन्स वाढतो, कंट्रोलरला शेड थंड वाटतं आणि पंखे लागत नाहीत. एप्रिल-मेमध्ये हा दोष ओलीपेक्षा कितीतरी घातक. म्हणून नियम साधा: आकडा जास्त दाखवतोय, ओल शोधा, कमी दाखवतोय, सैल किंवा तुटका जॉइंट शोधा.

'वायर लांब पडली म्हणून तापमान चुकतं' असं बरेच वायरमन सांगतात. एनटीसीच्या बाबतीत ते खरं नाही. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा १०० मीटर जाऊन-येऊन रेझिस्टन्स सात ओमच्या आसपास. २५ अंशांजवळ एक अंश म्हणजे साधारण ४४० ओम. सात ओमनं काय होणार?

टर्मिनलपाशी मोजलं, तसंच शेडमध्ये सेन्सरच्या पुच्छापाशी वायर सोडवून मोजा. तिथं बरोबर आणि इथं चूक, तर दोष मधल्या वायरीत. तिथंच चूक, तर सेन्सर बदला. एनटीसी महाग वस्तू नाही, एक जादा नेहमी घरात असू द्या, आणि घेताना १० किलोओमचाच घ्या. दिसायला सारखे पण दुसऱ्या किमतीचे सेन्सरही मिळतात.

जॉइंट

आता मूळ दुखण्याकडे येऊ. गेल्या हिवाळ्यात एका शेडमध्ये टेप गुंडाळलेला जॉइंट सोडला. बाहेरून टेप काळीभोर, कोरडी. दुसरा वेढा सुटला तसा चिकट पाण्याचा थेंब बोटावर आला आणि अमोनियाचा वास नाकात गेला. आत तांबं हिरवं झालेलं. इन्सुलेशन दोन इंच मागं सोललं तरी काळं, चार इंच सोललं तरी काळं. चमकतं तांबं लागायला जवळजवळ फूटभर वायर कापावी लागली. मालक शेजारी उभा होता. म्हणाला, "ही तर मागच्याच वर्षी टाकलीय की."

तुसातून निघणारा अमोनिया ओलीबरोबर तांबं खातो, आणि वायरीच्या बारीक तारांच्या मधून ती ओल केशाकर्षणानं आत आत ओढली जाते. नुसती टेप तिला थांबवत नाही, उलट आत शिरलेलं पाणी धरून ठेवते. त्यात बॅच निघाली की प्रेशर पंपानं शेड धुवायचं, वर जंतुनाशकाचा फवारा. म्हणून हा दोष नेमका नवी पिल्लं आल्या आल्या उगवतो, वर्षात जितक्या बॅच तितक्या वेळा.

उपाय एकच, शेडच्या आत जॉइंटच नको. सेन्सरपासून कंट्रोल रूमपर्यंत अखंड केबल ओढा. नाइलाज असेल तर जॉइंट सोल्डर करा, दोन वायरींचे जॉइंट समोरासमोर न येता पुढंमागं ठेवा, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि सगळं पाणी न शिरणाऱ्या जंक्शन बॉक्समध्ये घाला. केबल बॉक्समध्ये खालून न्या, ग्लँड (केबल आवळून भोक बंद करणारी) लावून. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, बॉक्समध्ये जाणार नाही. जुनं तांबं चमकेपर्यंत कापल्याशिवाय नवा जॉइंट मारू नका, हिरव्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही. मिळाली तर कलई केलेल्या तांब्याची केबल घ्या, ती जास्त टिकते.

धुण्याआधी सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड. आणि धुतल्यावर ती काढा! पिशवीतला सेन्सर बराच वेळ मागचंच तापमान सांगत बसतो.

केबलवर उंदरांचे दातही बघा. जिथं केबल भिंतीच्या कडेनं किंवा पत्र्याखालच्या कोपऱ्यातून जाते तिथं हमखास.

पंखा लागला की आकडा उडतो

रेझिस्टरच्या तपासणीत आकडा स्थिर होता, म्हणजे वायर अँटेनासारखी वागतेय. सेन्सरची केबल पंख्यांच्या केबलबरोबर एकाच पट्टीतून, एकाच टायनं बांधून नेलेली असते. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण चूक आहे. निदान एक फूट अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल तर अंतर आणखी वाढवा, त्याच्या मोटर केबलचा त्रास फार.

शिल्डेड केबल वापरली असेल तर जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा. शेडच्या टोकाला कापून टेप मारा. दोन्ही टोकं अर्थ केली तर जाळीतूनच करंट फिरायला लागतो आणि शिल्डेड केबलचे पैसे पाण्यात.

रेझिस्टर लावूनही उडत होता, तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलकडे बघावं लागतं. कॉइल बंद होताना क्षणभर फार मोठ्या व्होल्टेजचा झटका मारते आणि तो कंट्रोलरच्या रिलेतून आत शिरतो. प्रत्येक कॉइलच्या ए१-ए२ वर (कॉइलच्या दोन टोकांवर) झटका गिळणारा आरसी सप्रेसर लावायचा, साधारण १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २३० व्होल्ट एसीसाठीचा. पॅनेलचं सामान मिळतं त्या दुकानात तयार मिळतो, फार महाग नाही. सगळ्या कॉइलना लावा, एक सोडलात तर तीच त्रास देईल. पण हे काम २३० व्होल्टच्या बाजूचं आहे. तुम्ही वायरमन नसाल तर इथून पुढं बघायचं, टिपून ठेवायचं आणि हात मागं घ्यायचा.

पंख्याची मोटर थेट कंट्रोलरच्या रिलेला जोडलेली मी दोन ठिकाणी पाहिलीय. ते रिले कॉइल ओढायला असतात. मोटर लावली की आतले पॉइंट चिकटतात आणि मग पंखा बंदच होत नाही.

कंट्रोलर विझून पुन्हा सुरू होतो

दोन कारणं जवळजवळ नेहमीची. एक, सगळे पंखे एकदम लागतात. दीड एचपीची मोटर चालताना पावणेतीन-तीन अँपिअर घेते, पण लागताना त्याच्या पाच-सहा पट. आठ पंखे एका क्षणात लागले की गावाकडच्या लाइनवर व्होल्टेज मान टाकतं. कंट्रोलरमध्ये दोन टप्प्यांमधला वेळ असतो, तो ५ ते १० सेकंद करा. फुकट होतं. वीज गेल्यावर परत येते तेव्हाही पंखे एकामागून एक लागतायत ना, ते उभं राहून बघा.

दुसरं, सैल न्यूट्रल. हे ओळखायची खूण: शेडमधले काही दिवे भगभगीत आणि काही मंद, पंखा लागला की त्यांची अदलाबदल. असं दिसलं तर मीटर वगैरे शोधत बसू नका. मेन स्विच पाडा, जनरेटरवर या आणि लाइनमनला बोलवा किंवा १९१२ ला तक्रार द्या. न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात, आणि तेव्हा कंट्रोलर एकटा जळत नाही. न्यूट्रल सैल आहे म्हणून अर्थिंगची पट्टी न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेणारे महाभाग आहेत. ते करू नका, करूही देऊ नका. मग पंख्याच्या लोखंडी फ्रेमला हात लावणारा माणूस मरू शकतो.

पंखाच लागत नाही, किंवा लागूनही गारवा नाही

ओव्हरलोड ट्रिप असेल तर एकदा रिसेट दाबा. पुन्हा ट्रिप झाला तर दुसऱ्यांदा दाबू नका आणि सेटिंग वाढवू तर अजिबात नका. एक फेज गेलेला असेल, बेअरिंग जाम असेल, बेल्ट अडकला असेल. रिले मोटर वाचवत असतो. कॉन्टॅक्टर ओढतच नसेल तर झाकणाच्या काचेतून बघा, कधी आत पाल चिरडून बसलेली असते. हसू येतं, पण पॅनेलच्या वरच्या बाजूची उघडी भोकं बुजवली नाहीत तर वर्षातून एकदा हे होतंच.

सगळे पंखे फिरतायत आणि तरी शेड तापतंय, हे कोडं बऱ्याचदा डीपी बदलल्यावर किंवा नवा जनरेटर आल्यावर पडतं. फेजचा क्रम उलटला की थ्री फेज पंखे उलटे फिरतात. आवाज तोच, दिवा तोच, कंट्रोलर खूश. पंख्याच्या आतल्या बाजूच्या जाळीला कागदाची पट्टी लावा. सरळ फिरणारा पंखा कागद जाळीकडे ओढून घेतो.

उलटा असेल तर कधी उलटा ते बघा. लाइनवरही आणि जनरेटरवरही एकच पंखा उलटा, तर त्या मोटरच्या वायरी कुणीतरी रिवाइंडिंगनंतर उलट जोडल्यात. सगळे फक्त जनरेटरवर उलटे, तर जनरेटरच्या आउटपुटला दोन फेज बदलायचे. सगळे फक्त लाइनवर उलटे, तर लाइन जिथं आत येते त्या इनकमरला. चुकीच्या जागी बदललं की एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते, आणि ते कळतं वीज गेल्यावर, बहुतेक रात्री. हे काम वायरमनचंच. पण त्याला 'कधी उलटे' हे सांगणं तुमचं काम.

पावसाळ्यात मात्र आधी आर्द्रता बघा. ८०-८५ टक्क्यांच्या वर पॅडनं गारवा मिळत नाही, नुसती ओल वाढते. तिथं कंट्रोलरला दोष देऊ नका, पॅडचा पंप बंद ठेवा.

इथं हात थांबवा

परवानाधारक वायरमन किंवा विद्युत ठेकेदार यांना बोलवा, जर:

पॅनेलमध्ये जळका वास, काळवंडलेलं टर्मिनल किंवा वितळलेली वायर दिसली. एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) उचलला की लगेच पडतो. पंख्याच्या फ्रेमला, पाण्याच्या पाइपला किंवा जाळीला झिणझिण्या येतात. अशा वेळी मेन पाडल्याशिवाय शेडमध्ये माणूस पाठवू नका. फेज बदलायचे आहेत, न्यूट्रल किंवा अर्थिंगला हात लावायचा आहे. वीज पडून गेल्यावर एकदम दोन-तीन इनपुट गेलेत. आणि रेझिस्टर लावूनही २५ येत नाहीत, म्हणजे पेटी खरोखरच दुरुस्तीला द्यायची आहे.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: कुठला सेन्सर, स्क्रीनवर किती, थर्मामीटरवर किती, रेझिस्टर लावल्यावर किती, पंखा लागल्यावर हलतो का, लाइनवर की जनरेटरवर. एवढं सांगितलंत तर मी येताना बरोबर सामान घेऊन येतो, नाहीतर पहिली फेरी फक्त बघण्यात जाते.

मी बसवलेल्या प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून एक पिशवी चिकटवलेली असते. त्यात वायरींचे नंबर लिहिलेला कागद, एक जादा सेन्सर आणि दोन रेझिस्टर. शिवाय कंट्रोलरशी काहीही संबंध नसलेला एक साधा थर्मोस्टॅट वेगळा, दोन पंख्यांवर, लक्ष्यापेक्षा चार-पाच अंश वर लावून ठेवलेला, आणि वीज गेली की वाजणारा बॅटरीवरचा भोंगा घराच्या बाजूला. बॅच भरायच्या आदल्या दिवशी मेन पाडून तो वाजतो का बघा. बहुतेक ठिकाणी बॅटरी उतरलेली असते.